सही माझी, भिंत तुमची : परदेशातून पुण्यातलं घर विकणाऱ्यांना खुलं पत्र

परदेशात स्थायिक झालेल्या आणि पुण्यातलं आईवडिलांचं घर विकायला काढलेल्या सर्व मुलामुलींना,

स. न. वि. वि.

मी कोथरूडमधल्या एका चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीची सचिव आहे. त्याआधी अठ्ठावीस वर्षं बँकेत होते, त्यातली निम्मी गृहकर्जाच्या टेबलावर. आमच्या चोवीसपैकी नऊ फ्लॅटचे मालक आज सॅन होजे, टोरांटो, मेलबर्न अशा ठिकाणी आहेत. दिवाळीला तुमचे शुभेच्छांचे निरोप येतात, मार्चअखेर माझे मेंटेनन्सचे जातात. नातं चांगलं आहे. म्हणूनच हे पत्र जरा मोकळेपणानं लिहिते आहे.

आई गेली, बाबा आधीच गेलेले, घर दोन वर्षं कुलपात. एका डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही ठरवता की आता विकून टाकू. तीन आठवड्यांत काही होत नाही. मग कुणा आतेभावाला, मावशीच्या मुलीला नाहीतर वर्गमित्राला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, करून देता आणि विमानात बसता. इथून पुढे गिऱ्हाइकाला घर दाखवणं, इसार घेणं, साठेखत (विक्रीचा आधीचा करार), खरेदीखत, सगळं तो मुखत्यार, म्हणजे तुमच्या वतीनं सही करणारा, करतो. तुम्हाला फोनवर फक्त आकडा कळतो.

आणि घेणारा माणूस जेव्हा हॉलमध्ये उभा राहून साधे प्रश्न विचारतो, पावसाळ्यात ओल येते का, सोसायटीशी काही वाद आहे का, भाऊबहीण सगळे राजी आहेत ना, तेव्हा मुखत्यार म्हणतो, “मला तशी काही कल्पना नाही हो. मी आपला सहीपुरता.”

तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच कल्पना नसते. ज्याला कल्पना आहे तो साडेबारा हजार किलोमीटरवर झोपलेला असतो.

हे मी दुसऱ्यांवर बोट दाखवून लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी मीच अशी मुखत्यार होते. न्यू जर्सीतल्या मावसभावानं मावशीचा सहकारनगरकडचा फ्लॅट विकायला माझ्या नावे कागद केला. तिसरा मजला, वर गच्ची. मे महिन्यात घर दाखवायला काढलं. आधी रंग दिला होता, घर कसं दिवाळीसारखं दिसत होतं. नवराबायको दोघं तरुण, तो मूळचा सोलापूरचा, ती हिंजवडीत नोकरीला. तिनं नेमका प्रश्न विचारला, “काकू, गच्ची गळते का?” मी छातीठोकपणे सांगितलं, छे, मावशी इथं तीस वर्षं राहिली, कधी तक्रार ऐकली नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला व्हिडिओ पाठवला. बेडरूमच्या छतातून थेंब थेंब पाणी, खाली लाल बादली, आणि मागून पोरीचा आवाज, “आई, पुन्हा भरली.” चार दिवसांनी सोसायटीचं पत्र आलं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सर्वसाधारण सभेत वर्गणीचा ठराव झाला होता, या फ्लॅटची रक्कम बाकी होती. आणि ती बाकी का, तर मावसभावानं दीड वर्षापूर्वी ईमेल करून त्या ठरावाला हरकत घेतली होती. ईमेलमध्ये त्यानं स्वतः लिहिलं होतं की गळती तर अजून चालूच आहे, मग पैसे कशाचे?

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, तू विचारलंच नाहीस.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझा मावसभाऊ लबाड नाही. त्याच्या लेखी ती एक कटकट होती, घर विकलं की संपणारी. घेणाऱ्याच्या लेखी ती पोरीच्या खोलीतली बादली होती. आणि ते जोडपं न्यू जर्सीला जाऊ शकत नव्हतं, माझ्या दारात येऊ शकत होतं. तीनदा आलं. मी चहा दिला, दुरुस्तीचे निम्मे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. उरलेले त्यानं पाठवले, पण तोवर गणपती येऊन गेले होते.

तेव्हा मी एका वकिलांना गाठून कायदा नीट समजून घेतला. बँकेत असताना मालकी हक्काची साखळी पाहायचे, ओल कोण पाहतो? त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा. त्याच्या कलम 55 मध्ये विकणाऱ्याची कर्तव्यं दिली आहेत, आणि त्यातलं पहिलंच हे आहे. मिळकतीत किंवा मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्यानं तो सांगितलाच पाहिजे. घेणाऱ्यानं मागितले तर मालकीचे सगळे कागद दाखवले पाहिजेत. त्यानं घराविषयी किंवा हक्काविषयी विचारलेल्या प्रश्नांची माहितीप्रमाणे उत्तरं दिली पाहिजेत. दोष सांगायचा राहिला तर कायदा त्याला सरळ कपट म्हणतो.

मेमध्ये रंग दिलेल्या छताची गळती साधारण काळजीनं सापडत नाही. ते घेणाऱ्याचं दुर्लक्ष नव्हे.

आता मुखत्याराचं. कुलमुखत्यारपत्रांचा वेगळा कायदाही 1882 सालचाच, हा एक योगायोग. पण मुखत्यार आणि मालक यांच्यातलं नातं मुख्यतः 1872 च्या करार कायद्यात येतं. त्याच्या कलम 238 चा अर्थ असा, की तुमच्या कामात मुखत्यारानं काही खोटं सांगितलं किंवा लबाडी केली, तर ती तुम्हीच केल्यासारखी धरली जाते. म्हणजे मी “छे, गळत नाही” म्हणाले ते मावसभावाच्या तोंडचं ठरतं. तुमची सही मी करू शकते. तुमच्या डोक्यात काय आहे ते मला कुठल्याही स्टॅम्प पेपरवर लिहून मिळत नाही, आणि माहिती द्यायची जबाबदारी मात्र तुमच्याकडेच राहते. कुलमुखत्यारपत्र केल्यावर आपण सुटलो असं जे तुम्हाला विमानात बसताना वाटतं, ते बरोबर उलटं आहे.

गंमत पाहा. पुण्यात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मुखत्यारामार्फत दस्त नोंदवायला गेलं की एक घोषणापत्र द्यावं लागतं. कुलमुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, ते लिहून देणारा मयत झालेला नाही, आणि हे चुकीचं निघालं तर नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 82 खाली शिक्षेला पात्र राहीन, असं मुखत्यार लिहून देतो. शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे. तुम्ही जिवंत आहात याची खात्री करून घ्यायला कागद आहे. भिंत कोरडी आहे का, हे विचारणारा कागद नाही. नवा फ्लॅट घ्यायचा तर 2017 पासून बिल्डरला महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर जमिनीचा हक्क, बोजे, चालू खटले सगळं जाहीर करावं लागतं. तोच फ्लॅट वीस वर्षांनी तुम्ही विकलात तर यातलं काहीही कुठं टाकावं लागत नाही. कलम 55 आहे, पण ते घराघरांत कोण वाचून दाखवणार?

दस्तात म्हणे लिहिलेलं असतंच. असतं ना! “सदर मिळकत निर्वेध, निजोखमी व बोजारहित असून त्याबाबत काही तोशीस लागल्यास लिहून देणार यांनी स्वखर्चाने निवारण करून द्यावी.” हे वाक्य मी शेकडो दस्तांत वाचलं आहे. ते टंकलेखकाच्या संगणकात आधीपासून असतं. लिहून देणाऱ्यानं ते वाचलंय असा एकही प्रसंग मला आठवत नाही. मीही माझ्या सहीपूर्वी वाचलं नव्हतं, आणि मी बँकेतली!

घोषणापत्रावरून आठवलं. गेल्या वर्षी आमच्याच सोसायटीत एक मुलगा घर विकायला आला. आईनं करून दिलेलं कुलमुखत्यारपत्र हातात, रीतसर नोंदवलेलं. मी म्हटलं, अरे, यांच्या तेराव्याला आम्ही सगळे जेवलो होतो. तो मनापासून गोंधळला. “पण काकू, कागद तर चालू आहे, त्यावर मुदत कुठं लिहिलीय?” करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे लिहून देणारा गेला की असा अधिकार तिथंच संपतो. काही अपवाद आहेत, मुखत्याराचा स्वतःचा त्या मिळकतीत हितसंबंध असेल तर, पण आईनं मुलाला सोयीसाठी दिलेला कागद त्यात बसत नाही. आई गेल्यावर घर वारसांचं झालं होतं, आणि वारस दोन होते. बहीण नाशिकला. तिला भावानं फक्त इतकंच सांगितलं होतं की “बघतोय काहीतरी.” तो नॉमिनी होता म्हणून त्याला वाटत होतं घर त्याचंच. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस ठरेपर्यंत सोसायटीनं कुणाशी बोलायचं एवढंच त्यातून ठरतं. ती बहीण पुढं आनंदानं सहीला आली, डबा घेऊन आली. विचारायचं राहिलं होतं, इतकंच.

याच्या दुसऱ्या टोकाला काही जण खरेदीखत करायचंच टाळतात आणि घेणाऱ्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पैसे घेऊन मोकळे होतात. मुद्रांक शुल्क वाचतं म्हणे. सर्वोच्च न्यायालयानं सूरज लॅम्प प्रकरणात ऑक्टोबर 2011 मध्येच सांगितलं आहे की अशानं मालकी जात नाही. नवराबायको, भाऊबहीण, मुलं यांना व्यवहार सांभाळण्यासाठी दिलेले खरेखुरे कागद त्या निकालानं बाद केलेले नाहीत, तेवढा दिलासा. महाराष्ट्रात जवळच्या नातेवाइकाला, त्याच्याकडून मोबदला न घेता, विक्रीचा अधिकार दिला तर 500 रुपयांचा मुद्रांक पुरतो. वर्गमित्राला दिलात तर खरेदीखताइतकं शुल्क लागतं. वर्गमित्राच्या नावानं पाचशेच्या कागदावर केलेली कुलमुखत्यारपत्रं घेऊन येणारे मला दर वर्षी भेटतात, म्हणून लिहिलं. आणि परदेशात केलेला कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथं मुद्रांकित करून घ्यावा लागतो. तो मावशीच्या कपाटात वर्षभर पडून राहू देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही हमखास लपवता, आणि ती लपवतोय हे तुम्हाला कळतही नाही. तुम्ही अनिवासी आहात ही गोष्ट. आधार कार्डावर कोथरूडचा पत्ता, पॅन जुनं, मुखत्यार पुण्याचा. घेणारा समजतो सगळे इथलेच. विकणारा निवासी असेल आणि किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्यानं 1 टक्का कर कापायचा असतो. अनिवासी विकणाऱ्याला हा 1 टक्क्याचा नियम लागूच नाही. तिथं 50 लाखांची मर्यादाही नाही आणि कपातही कितीतरी मोठी. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर आज 12.5 टक्के, वर अधिभार आणि उपकर. ती कमी करायची तर आयकर खात्याकडून आधी दाखला आणावा लागतो. कापायचं राहिलं तर आयकर खातं घेणाऱ्याला विचारतं, तुम्हाला नाही. बँकेत असताना एका शिक्षक जोडप्याला आलेली अशी नोटीस मी पाहिली आहे. सगळी पुंजी घरात घातलेली, वर ही. विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता. मुखत्यार म्हणत होता, मी आपला सहीपुरता.

तर माझी मागणी एवढीच आहे. कुलमुखत्यारपत्रासोबत एक कागद पाठवा. स्वतः लिहिलेला, स्वतःच्या सहीचा, मुखत्याराच्या नव्हे. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, हातानं लिहा. मथळा द्यायचा तर “या घराबद्दल मला जे माहीत आहे ते”. मुखत्यारानं तो घर पाहायला येणाऱ्याच्या हातात इसाराच्या आधी द्यावा आणि पोच म्हणून त्याची सही घ्यावी.

काय लिहायचं? गेल्या चार पावसाळ्यांत कुठल्या भिंतीला ओल आली. वरच्यांच्या बाथरूममधून पाणी येतं का, खालच्यांनी तुमच्या बाथरूमबद्दल तक्रार केली आहे का. बाबांनी बाल्कनी बंद करून खोली केली होती, ती मंजूर नकाशात आहे की नाही. (बहुतेकांची नसते. तरी लिहा.) पार्किंगची जागा कागदावर तुमची आहे की फक्त सवयीनं. कर्ज होतं का, फिटलं असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याचा कागद कुठं आहे. सोसायटीचं काय देणं आहे, कुठल्या ठरावाला तुम्ही हरकत घेतली आहे. घर भाड्यानं दिलं होतं का, कारण महापालिकेच्या मिळकतकरातली 40 टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच असते, आणि फरकाचं बिल नंतर घेणाऱ्याच्या दारात येतं. वारस किती, त्यातले कोण बोलत नाहीत. बिल्डिंग पुनर्विकासाला जायची बोलणी चालू आहेत का. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर इथं आता हा प्रश्न प्रत्येक जिन्यात आहे, आणि तो लपवला तर घेणारा दोन वर्षांत भाड्याच्या घरात जाऊन बसतो.

सिंहगड रस्त्याला किंवा आंबील ओढ्याच्या काठी घर असेल तर पाणी कुठवर आलं होतं ते लिहा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढा आला तेव्हा तुम्ही बातम्या पाहून आईला फोन केला होता ना? 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हाही. पार्किंगमधल्या गाड्यांचं काय झालं ते आईनं तुम्हाला सांगितलं होतं. तेच घेणाऱ्याला सांगायचं आहे. नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषा त्याला नकाशावर सापडतील, पण दुसऱ्या पायरीपर्यंत आलं की चौथ्या, हे नकाशावर नाही.

जे आठवत नाही तिथं “माहीत नाही” लिहा. प्रामाणिकपणे लिहिलेलं “माहीत नाही” चालतं. घेणारा मग माणूस आणून तपासून घेईल. कायद्यानं तुम्हाला माहीत असलेलंच सांगायचं आहे, भिंत फोडून पाहायची नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं लिहिलं तर भाव पडेल. पडेल थोडा. मावशीच्या फ्लॅटची गळती आधी सांगितली असती तर त्या जोडप्यानं लाखभर कमी केले असते, आणि तेवढाच, कदाचित जास्त, खर्च शेवटी आम्ही दोघांनी मिळून केला. वर माझी झोप गेली ती वेगळी. एजंट तुम्हाला सांगतील “जसं आहे तसं” असं दस्तात घालू म्हणजे झालं. करारानं काही कर्तव्यं बदलता येतात हे खरं. पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकली तर ती करार कायद्याच्या कलम 17 मध्ये कपटच आहे, आणि ताज्या रंगाखाली झाकलेली ओल “जसं आहे तसं” मध्ये बसवायला धाडस लागतं.

आणखी एक. कुलमुखत्यारपत्र आखून द्या. फ्लॅट क्रमांक लिहा, किती किमतीखाली विकायचं नाही ते लिहा, पैसे थेट तुमच्या एनआरओ खात्यातच (अनिवासींचं भारतातलं रुपयातलं खातं) यावेत असं लिहा. मला मावसभावानं “सर्व अधिकार” दिले होते. इतके अधिकार माझ्या नवऱ्यानंही मला कधी दिले नाहीत, आणि तो शहाणा होता. व्यवहार झाला की कागद रद्द करा आणि मुखत्याराला लेखी कळवा.

सोसायटीकडून एनओसी मागवताना मला जरूर फोन करा. पण त्या पत्रात मी फार तर थकबाकी नाही एवढं लिहू शकते. तुमच्या आईच्या खोलीत पाऊस आला की ती पलंग कुठं सरकवायची, हे मला माहीत आहे. ते मी सांगायचं की तुम्ही, हे तुम्हीच ठरवा. मला कुणी विचारलं तर मी सांगणार आहे, हेही आत्ताच कळवून ठेवते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सचिव, कोथरूडमधली एक सोसायटी

ता. क. – विक्री ठरलेल्या तिघांनी माळ्यावरच्या ट्रंकांबद्दल अजून कळवलेलं नाही. एकीत तांब्याचा बंब आहे. घेणाऱ्यांना द्यायचा की ठेवून घ्यायचा, तेही त्याच कागदावर लिहा.